दुसऱ्यांच्या कल्पना आणि बॉशचे सुटे भाग

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावर ‘मायको सर्कल’ नावाचा चौक आहे. ज्या कंपनीमुळे त्याला हे नाव मिळाले, ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड २००८ साली अधिकृतपणे ‘बॉश लिमिटेड’ झाली. परंतु रिक्षावाल्याला ‘बॉश सर्कल’ असे सांगितले तर तो एकदा आपल्या तोंडाकडे पाहील आणि मग ‘मायको सर्कल का?’ असे विचारील. सातपूरच्या त्या कारखान्यातून निवृत्त झालेली माणसेही ‘मी मायकोत होतो’ असेच सांगतात. तिथे डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे भाग, तयार होतात. निफाड-दिंडोरीकडच्या रस्त्यांवर ‘डिझेल पंप, नोझल, कॅलिब्रेशन’ अशा पाट्या लावलेली जी लहान दुकाने दिसतात, त्यांचे आणि या कारखान्याचे नाते मला लहानपणी ठाऊक नव्हते. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागला की त्याचे नोझल काढून तिथे न्यायचे असते, एवढेच कळत होते.

गेली काही वर्षे मी बॉश या मूळ जर्मन कंपनीचा इतिहास जमेल तसा वाचत आलो आहे. अशा कंपन्यांचे इतिहास बहुधा शोधांच्या यादीसारखे लिहिले जातात: अमुक साली मॅग्नेटो, तमुक साली पंप, पुढे ब्रेक. ती यादी वाचून असे वाटते की श्टुटगार्टमधल्या एका इमारतीत बुद्धिमान माणसे बसली होती आणि त्यांना दर काही वर्षांनी काहीतरी सुचत होते. बारकाईने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. बॉशच्या नावावर असलेल्या बहुतेक मोठ्या शोधांची मूळ कल्पना दुसऱ्या कोणाची तरी होती. हे मी कमीपणा दाखवण्यासाठी लिहीत नाही. दुसऱ्याच्या हातात चालणारी पण टिकणारी नसलेली वस्तू घेऊन तिचा लाखोंच्या संख्येने बनणारा, कुठल्याही गाडीत बसणारा आणि खेड्यातल्या फिटरला दुरुस्त करता येईल असा सुटा भाग घडवणे, हे मूळ कल्पनेपेक्षा अवघड काम असू शकते असे माझे मत झाले आहे, आणि सुट्या भागांच्या पुरवठादाराचे खरे कर्तृत्व तिथेच शोधले पाहिजे.

सुरुवातच पाहा. रॉबर्ट बॉश यांनी १५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्टमध्ये सूक्ष्म यंत्रकाम आणि विद्युतकाम करणारी एक कार्यशाळा उघडली. टेलिफोन बसवणे, घरांत विजेच्या घंटा लावणे अशी किरकोळ कामे तिथे होत. पुढच्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने जागेवर बसवलेल्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या साह्याने ठिणगी पाडणारे उपकरण, बनवून मागितले. तसे उपकरण डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर आधीच लावलेले होते. बॉश ते पाहायला शोर्नडॉर्फला गेले, त्याचे पेटंट घेतलेले नाही याची त्यांनी खात्री करून घेतली आणि मग स्वतःचे मॅग्नेटो बनवले. ज्या वस्तूवर पुढे ही कंपनी उभी राहिली, तिचा पहिला नमुना अशा रीतीने दुसऱ्याचा पाहून केलेला होता, आणि कंपनीही आपल्या इतिहासात ही गोष्ट लपवत नाही.

गंमत पुढे आहे. जागेवरचे इंजिन सावकाश फिरत असे, त्यामुळे त्याच्या मॅग्नेटोला घाई नव्हती. मोटारगाडीच्या लहान इंजिनाची गोष्ट वेगळी होती. त्या काळी मोटारीत एकतर तापलेल्या नळीने इंधन पेटवत, म्हणजे बोनेटखाली चक्क एक दिवा जळत ठेवत, किंवा बॅटरी वापरत, जी थोड्याच मैलांत संपत असे. कार्ल बेन्झ यांनी इंजिनातल्या ठिणगीच्या प्रश्नाला सगळ्या प्रश्नांचा प्रश्न म्हटले होते, ते उगीच नाही. १८९७ साली डाइमलर कंपनीशी संबंधित असलेले इंग्रज उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी द दिओं-बुतों कंपनीची एक तीनचाकी बॉश यांच्याकडे पाठवली आणि तिला मॅग्नेटो लावून देण्यास सांगितले. तिचे इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे मारत असे. मॅग्नेटोच्या आतली तारेची जड गुंडाळी त्या वेगाने मागेपुढे हलवणे शक्यच नव्हते.

कार्यशाळेतले प्रमुख कारागीर आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी यावर जो उपाय काढला, तो मला आजही या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. गुंडाळी हलवायची हा हट्टच त्यांनी सोडला. गुंडाळी आणि चुंबक दोन्ही स्थिर ठेवून त्यांच्यामधल्या फटीत त्यांनी धातूची एक हलकी बाही बसवली आणि ती बाही तेवढी मागेपुढे हलवली. चुंबकीय क्षेत्र कापले जाण्याशी कारण. ते कोण कापते याच्याशी ठिणगीला देणेघेणे नसते. वजन जवळजवळ नाहीसे झाले आणि वेगाची अडचणही संपली. पदवीधर संशोधकाच्या टिपणवहीऐवजी कारखान्यातल्या एका कारागिराच्या हातून ही सुधारणा झाली, याची नोंद मुद्दाम करावीशी वाटते.

यानंतर बॉशचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांचे काम आले. त्यांनी मॅग्नेटोवर तारेची दुहेरी गुंडाळी घालून उच्च दाबाची वीज निर्माण केली आणि त्यामुळे सिलिंडरच्या आत संपर्क तोडणारी कटकटीची यांत्रिक जोडणी अनावश्यक ठरली. तिच्या जागी एक स्थिर वस्तू आली: स्पार्क प्लग. जानेवारी १९०२ मध्ये याचे पेटंट नोंदले गेले. स्पार्क प्लगसारख्या वस्तू त्याआधी इतरांनीही बनवल्या होत्या, पण मॅग्नेटो आणि प्लग यांची भरवशाची जोडी बाजारात आणली ती होनोल्ड यांनी. १९०३ साली आयर्लंडमधली गॉर्डन बेनेट शर्यत कामीय जेनात्झी यांनी बॉशचे मॅग्नेटो लावलेल्या मर्सिडीजमधून जिंकली. १९०६ साली कारखान्यातून एक लाखावे मॅग्नेटो बाहेर पडले, आणि त्याच वर्षी बॉश यांनी आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत त्या वेळी असे करणारे कारखानदार मोजकेच होते. १९१३ साली कंपनीची ८८ टक्के विक्री जर्मनीबाहेर होत होती.

याच वळणावर पुरवठादाराचे एक विशिष्ट भय सुरू होते. एकाच वस्तूवर पोट भरणाऱ्या कंपनीला त्या वस्तूची गरज संपण्याची धास्ती असते, आणि बॅटरीवरचे प्रज्वलन सुधारत जाईल तसे मॅग्नेटो जाणार हे दिसू लागले होते. म्हणून १९१३ मध्ये दिवे, जनित्र आणि नियामक असा मोटारीच्या प्रकाशयोजनेचा संपूर्ण संच आला. स्टार्टरची कल्पना अमेरिकेतली. तिथे कॅडिलॅकच्या गाड्यांना विजेचा स्टार्टर आधीच लागला होता. बॉशने १९१४ मध्ये रशमोर ही अमेरिकन कंपनीच विकत घेऊन ते ज्ञान मिळवले. पुढे हॉर्न आला. काच पुसण्याच्या वायपरचे पेटंट मेरी अँडरसन यांनी अमेरिकेत १९०३ सालीच घेतले होते. बॉशचा विजेवर चालणारा वायपर १९२६ चा आहे. या साऱ्या वस्तू उपयुक्त होत्या, पण त्यांच्यावर फार वेळ थांबण्याचे कारण नाही.

थांबायचे ते डिझेलच्या पंपाजवळ. रुडॉल्फ डिझेल यांच्या मूळ इंजिनात इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत फुंकले जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे आणि त्यामुळे ते इंजिन जहाजात किंवा वीजघरात शोभे. ट्रकमध्ये त्याला जागा नव्हती. हवेची मदत न घेता नुसते डिझेलच दाबून आत सोडण्याचे प्रयोग युरोपात अनेकांनी केले होते. अडचण कल्पनेची नव्हतीच, मापाची होती. प्रत्येक स्फोटासाठी एखाद-दोन थेंबांएवढे डिझेल लागते. ते नेमके तेवढेच, नेमक्या क्षणी, प्रत्येक सिलिंडरला सारखे, मिनिटाला शेकडो वेळा आणि वर्षानुवर्षे द्यायचे होते.

१९२२ च्या अखेरीस बॉशने हे काम हाती घेतले आणि दुसऱ्यांची काही पेटंटेही विकत घेतली. निरनिराळ्या रचना करून पाहिल्यानंतर जो पंप ठरला, तो नोव्हेंबर १९२७ मध्ये कारखान्यातून नियमित उत्पादन म्हणून बाहेर पडू लागला. त्याची रचना आजही जुन्या ट्रॅक्टरच्या पंपात पाहता येते. नळीत वर-खाली होणारा एक दांडा, म्हणजे प्लंजर, डिझेल दाबतो. त्याच्या अंगावर तिरकस कडा कोरलेली असते. प्लंजर स्वतःभोवती थोडासा फिरवला की ती कडा नळीच्या भिंतीतल्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते, आणि ती समोर आली की उरलेल्या डिझेलचा दाब तिथून निसटतो. दांड्याचा वर जाण्याचा प्रवास दर खेपेला तेवढाच राहतो, परंतु इंजिनात पोचणारे डिझेल मात्र कमी किंवा जास्त होते. सर्व प्लंजर एका दातेरी पट्टीने एकदमच फिरवले जातात. एक्सिलरेटर दाबला की हलते ती हीच पट्टी.

हे सारे चालण्यासाठी प्लंजर आणि त्याची नळी यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची असावी लागते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी. इथे कोणताही रबरी वायसर नाही. धातूला धातू इतका जवळ घासून बसवलेला असतो की दाबाखालचे डिझेलही मधून सहसा निसटत नाही, आणि जे किंचित झिरपते तेच वंगणाचे काम करते. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांचेही तसेच असते. ग्राइंडिंग आणि लॅपिंग करूनही दोन सुया हुबेहूब सारख्या होत नाहीत, म्हणून प्रत्येक सुईला तिची बॉडी निवडून जुळवली जाते आणि पुढे ती जोडी कायम राहते. महामार्गावरच्या दुकानात चार नोझल एकदम उघडली तरी मिस्त्री त्या जोड्या स्वच्छ डिझेलच्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवतो; याची सुई त्याच्या बॉडीत गेली तर दोन्ही वाया. सातपूरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एका शेजाऱ्यांनी मला सांगितले होते की, नोझलच्या कामात धुळीइतका दुसरा शत्रू नाही.

एवढ्या बारकाईचे काम हाताने एकदा करणे वेगळे आणि यंत्रावर रोज हजारो वेळा करणे वेगळे. बॉशच्या पंपाने ट्रकचे डिझेल इंजिन व्यवहारात आणले, आणि १९३६ साली तोच पंप घेऊन मर्सिडीजची २६० डी ही डिझेलवरची प्रवासी मोटार आली. रुडॉल्फ डिझेल तोवर जाऊन दोन तपे झाली होती.

महायुद्धाचा काळ मी इथे थोडक्यात आटोपत असलो, तरी वगळणे योग्य होणार नाही. स्वतः रॉबर्ट बॉश नाझी राजवटीच्या विरोधात होते आणि तिच्या विरोधकांना त्यांच्या वर्तुळातून मदतही झाली. मात्र त्यांच्याच कारखान्यांनी युद्धसामग्री बनवली आणि तिथे सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबवण्यात आले. १२ मार्च १९४२ रोजी रॉबर्ट बॉश यांचे निधन झाले. युद्धातल्या विमानांच्या इंजिनांसाठी जे पेट्रोल-इंजेक्शन विकसित झाले होते, तेच १९५१ मध्ये गुटब्रोड आणि गोलियाथ या दोन छोट्या जर्मन गाड्यांमधून लोकांपुढे आले, आणि १९५४ मध्ये मर्सिडीजच्या ३०० एसएल या वेगवान गाडीत त्याने नाव कमावले.

त्याच १९५१ साली बेंगळुरूमध्ये मायकोची स्थापना झाली, आणि पुढे मायकोचे स्पार्क प्लग भारतभर घराघरांत पोचले. पावसाळ्यात स्कूटर सुरू होईना की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने काजळी घासायची, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी इंजिनाचे पोट पाहिले ते एवढ्याच निमित्ताने.

इलेक्ट्रॉनिक्सच्या युगातही बॉशची रीत बदलली नाही. इलेक्ट्रॉनिक पेट्रोल-इंजेक्शन अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये आणले होते, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग गाडीतल्या उष्णतेत आणि ओलाव्यात टिकत नसत. बॉशने ते हक्क मिळवले, ट्रान्झिस्टर भरवशाचे होईपर्यंत काम चालू ठेवले आणि १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीत डी-जेट्रॉनिक ही प्रणाली दिली. तिला बाजार मिळाला तो कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कडक नियमांमुळे. कायदा हेही पुरवठादाराचे एक मोठे गिऱ्हाईक असते. तो अमुक साली अमुक मर्यादा हवी असे लिहून देतो, आणि मग घाई सगळ्यांनाच होते.

१९७६ मध्ये आलेला लॅम्डा सेन्सर हेही अशाच नियमांचे अपत्य. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू उरला आहे हे तो मोजतो आणि त्यावरून पेट्रोलचे प्रमाण सुधारता येते, सुमारे १४.७ भार हवेला एक भार पेट्रोल हे प्रमाण साधले तरच धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नीट काम करतो. तो पहिल्यांदा अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला. हा सेन्सर हातात घेतला तर तो स्पार्क प्लगचा भाऊच वाटतो, आणि यात योगायोग नाही. तापलेल्या धुरात तडकणार नाही अशी मृत्तिका कशी भाजायची, ती धातूच्या कवचात घट्ट कशी बसवायची, हे बॉशला प्लगमुळे दशकानुदशके ठाऊक होते. नवी वस्तू जुन्या भट्टीतूनच निघाली.

ब्रेकची कथा सर्वांत लांबलेली. जोराने ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ नयेत यासाठी बॉशने १९३६ सालीच एक पेटंट घेतले होते, पण ते कागदावरच राहिले. खरे काम हायडेलबर्गच्या टेल्डिक्स कंपनीत १९६४ पासून सुरू झाले. त्यांची पहिली प्रणाली चाचणीत चालली, परंतु तिच्यात सुमारे १००० इलेक्ट्रॉनिक भाग होते, आणि त्यांतला एखादा बिघडण्याची शक्यता कायम डोक्यावर लटकत असे. बॉशने टेल्डिक्समध्ये भागीदारी घेतली, अंकीय तंत्राने ते भाग सुमारे १४० वर आणले, आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस बसले. त्या पहिल्या संचाचे वजन ६.३ किलो होते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. पेटंटापासून आपल्या मोटारसायकलीपर्यंत ८३ वर्षे.

गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सरळ करणारी ईएसपी ही प्रणाली १९९५ मध्ये आली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांनी रस्त्यात अचानक प्राणी आडवा आला असे समजून मर्सिडीजच्या नव्या ए-क्लासला झटकन वळवले, तेव्हा ती उलटली. मर्सिडीजने विक्री थांबवून त्या लहान गाडीला ईएसपी कायमची जोडली, आणि महागड्या गाड्यांपुरती राहिली असती अशी वस्तू त्यामुळे खाली उतरली.

माझ्या म्हणण्याला अपवाद आहे आणि तो ठळक आहे. ईएसपीला गाडी किती वळते आहे हे कळायला सेन्सर लागतो. असे सेन्सर सिलिकॉनच्या चकतीत कोरण्यासाठी फ्रांझ लेर्मर आणि आंद्रेआ शिल्प यांनी बॉशमध्ये एक पद्धत शोधली: थोडे खोल कोरायचे, भिंतींवर संरक्षक थर द्यायचा, पुन्हा थोडे कोरायचे. तिला जगभर ‘बॉश प्रक्रिया’च म्हणतात. हातातल्या मोबाइलचा पडदा आडवा-उभा होतो त्यामागे अशा रीतीने कोरलेले सेन्सर असतात. ही कल्पना उसनी नव्हती.

आणि लगेच उलट उदाहरण. एका सामाईक नळीत डिझेल सतत उच्च दाबाखाली ठेवून विजेच्या आज्ञेने इंजेक्टर उघडायचा, ही कॉमन रेल पद्धत मोटारींसाठी इटलीत फियाटच्या समूहाने विकसित केली. जपानमध्ये डेन्सोने ती ट्रकसाठी १९९५ मध्येच आणली होती. फियाटने १९९४ मध्ये आपले काम बॉशला विकले, कारण १३५० बारचा दाब सोसणारे इंजेक्टर लाखांनी बनवणे हे मोटार बनवण्याहून वेगळे शास्त्र आहे. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मधून ते बाजारात आले. बॉशपाशी तोवर सुईला बॉडी जुळवण्याचा ७० वर्षांचा सराव होता.

इतका संयम परवडतो कसा, याचे एक उत्तर मालकीत आहे. मूळ कंपनीचे नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल रॉबर्ट बॉश यांच्या नावाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे आणि तिचे समभाग शेअर बाजारात मिळत नाहीत. भारतातल्या बॉश लिमिटेडचे मात्र मिळतात.

गिऱ्हाईक सांगेल ते बनवून देण्याचा गुण कुठे नेऊ शकतो, हेही याच इतिहासात दिसते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीपुरत्या स्वच्छ धूर सोडतात असे उघड झाले, तेव्हा त्यांतली नियंत्रक पेटी बॉशची होती. पर्यवेक्षणात निष्काळजीपणा केल्याबद्दल श्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये बॉशला नऊ कोटी युरोंचा दंड केला. पुरवठादार फक्त पेटी देतो, आत काय भरायचे ते गाडी बनवणारा ठरवतो, हा बचाव मला अर्धाच पटतो.

विजेवरच्या गाडीला प्लग लागत नाही आणि नोझलही लागत नाही. तरीही त्र्यंबक रस्त्यावरच्या त्या कारखान्याच्या पाटीवर, बॅटरीवरच्या ड्रिल मशीनवर आणि फ्रिजच्या दारावर एक चिन्ह दिसते: वर्तुळाच्या आत दोन बाजूंना वळलेले, जहाजाच्या नांगरासारखे काहीतरी. ते होनोल्ड यांनी १९१८ मध्ये रेखाटले. मॅग्नेटोतली ती तारेची गुंडाळी ज्या लोखंडी गाभ्यावर असते, त्याचा आडवा छेद घेतला तर तो असा दिसतो.